कॅलेंडरवर ‘कार्बन न्यूट्रल’ छापण्याआधी

चार वर्षांपूर्वी आमच्या फाउंड्रीच्या (लोखंड वितळवून ओतीव भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) कॅलेंडरवर कंपनीच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत एक ओळ छापली होती: ‘कोल्हापुरातील कार्बन न्यूट्रल फाउंड्री’. आधार काय, तर कंपाउंडलगत आणि मागच्या ओढ्याच्या कडेनं लावलेली दोनशे झाडं. कडुनिंब, करंज, थोडा बांबू. ओळ मालकांनी सुचवलेली. प्रूफ मी तपासलं, शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा काढली. ओळीतली खरी चूक मला दिसलीच नाही.

ती काढली पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडून ऑडिटला आलेल्या मुलीनं. चहा पिता पिता तिनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि विचारलं, “वर्षाला तुमचा एकूण कार्बन किती? त्यातला कमी किती केलात? आणि उरलेल्याची भरपाई कशानं केली?” आमच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. दादा माझ्याकडे बघायला लागले आणि मी कॅलेंडरकडे.

मी या कारखान्याचे अकाउंट्स बघते. पर्यावरण हा माझा विषय नव्हता, आणि गंमत म्हणजे तो नसला तरी चालतं. कार्बन न्यूट्रल होणं हे नव्वद टक्के हिशेबाचं काम आहे. बिलं, लॉगबुक, स्टॉक आणि कुठली नोंद कुणाच्या वहीत धरायची याचे नियम. ज्यांच्या टेबलावर असं काम अचानक येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आकडे आमचेच आहेत, फक्त समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

शब्दाचा अर्थ आधी पक्का करा

संस्थेच्या कामामुळे वर्षभरात जेवढा हरितगृह वायू हवेत गेला तो मोजायचा, जमेल तेवढा कमी करायचा, आणि जो उरला तेवढाच दुसरीकडे कुठेतरी कमी झाला किंवा शोषला गेला याचा पुरावा ठेवायचा. हे तिन्ही झालं की संस्था कार्बन न्यूट्रल. २०२३ मध्ये यासाठी आयएसओ १४०६८-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यातही क्रम हाच आहे: आधी कपात, मग भरपाई. आमच्या कॅलेंडरनं पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली होती, आणि तीही अर्धीच.

‘नेट झिरो’ हा याचा थोरला भाऊ. त्यात कपात फार खोल लागते. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मानकात दीर्घ मुदतीत साधारण ९० टक्के कपात अपेक्षित आहे, भरपाई फक्त शेवटच्या थोड्या भागाची. भारतानं ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये २०७० साल जाहीर केलं, ते नेट झिरोचं. दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरणारे सल्लागार भेटले तर जरा सावध राहा.

हे आपल्या गळ्यात का आलं

खरं कारण म्हणजे गिऱ्हाईक. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना बीआरएसआर हा व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. या कंपन्यांना स्वतःचं उत्सर्जन सांगायचं असतं, आणि त्यांचं बरंच उत्सर्जन त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या कारखान्यात होत असतं. म्हणून त्यांची एक्सेल शीट आपल्याकडे येते. दुसरं म्हणजे युरोप. तिथं आयात होणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांच्यातल्या कार्बनवर पैसे मोजायची सीबीएएम ही व्यवस्था आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणीची वेळ सुरू झाली. यादीत लोखंडी नट-बोल्टसुद्धा आहेत, तेव्हा ‘आपण कुठले एवढे मोठे’ हे म्हणून चालत नाही.

तिसरं कारण आमच्या दारातच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. माल तयार, गाड्या उभ्या, गिऱ्हाइकाचे फोन चालू. एकाच पुराकडे बोट दाखवून ‘हा कार्बनमुळे’ असं म्हणता येत नाही. पण हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे, आणि आमच्या मालाची वाट त्याच नदीवरून जाते.

मोजणी: कुंपण कुठं घालायचं

जगभर जीएचजी प्रोटोकॉल नावाची पद्धत वापरतात. ती उत्सर्जनाच्या तीन राशी करते. पहिली, आपल्या जागेत, आपल्या ताब्यातल्या यंत्रांत थेट जळलेलं किंवा गळलेलं. दुसरी, विकत घेतलेली वीज. तिसरी, बाकी सगळं: कच्चा माल, भाड्याची वाहतूक, कामगारांचं येणं-जाणं, बाहेर दिलेलं जॉबवर्क. या तिसरीचे पंधरा प्रकार आहेत. पहिल्या वर्षी सगळे पंधरा घेऊन बसलात तर मार्चपर्यंत डोकं धरून बसाल. पहिल्या दोन राशी पूर्ण करा. तिसरीतले जे दोन-तीन प्रकार मोठे वाटतात तेवढे धरा, आणि बाकीचे सोडले आहेत हे चक्क लिहून ठेवा. लिहून सोडलेलं चालतं. लपवून सोडलेलं पुढच्या ऑडिटला वर येतं.

आमची पहिली रास अशी. जनरेटर, फोर्कलिफ्ट आणि कंपनीच्या गाड्या मिळून वर्षाला १५,००० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ४० टन. लेडल (वितळलेलं लोखंड नेण्याचं भांडं) तापवायला महिन्याला १९ किलोची ४० सिलिंडर लागतात. एक किलो एलपीजीला सुमारे तीन किलो धरा, वर्षाचे २७ टन.

इथं मी दोन गोष्टी विसरले होते. मोल्डिंगच्या (साचे बनवायच्या) वाळूत कोळशाची भुकटी असते, धातू ओतला की ती जळते. ती स्टोअरच्या खात्यात ‘कन्झ्युमेबल’ म्हणून पडून असल्यामुळे इंधनाच्या यादीत आलीच नव्हती. दुसरी गोष्ट ऑफिसचा जुना एसी. त्या उन्हाळ्यात त्यात दोन किलो गॅस भरल्याचं बिल होतं. भरला म्हणजे आधीचा तेवढा गळला. आर-२२ हा गॅस वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,७६० पट तापवतो. दोन किलो म्हणजे साडेतीन टन, जवळपास तेराशे लिटर डिझेल जाळल्यासारखं! मिस्त्रीच्या अडीच ओळींच्या हातपावतीत एवढं दडलेलं असतं. तेव्हा एसी आणि वॉटर कूलरच्या दुरुस्तीच्या पावत्या फेकू नका, त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहूनच घ्या.

विजेचं बिल नीट वाचा

इंडक्शन, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवाल्यांची सगळी कहाणी इथं आहे. आमचा वापर वर्षाला २१ लाख ६० हजार युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा काढतं. २०२३-२४ साठी तो युनिटला ०.७२७ किलो होता. गुणाकार केला की १,५७० टन. इंधनाची सगळी बेरीज सत्तरच्या आसपास. म्हणजे आमचा कार्बन जवळजवळ सगळा तारेतून येतो आणि त्याचा धूर दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्यात निघतो.

माझी पहिली चूक बिलावरच झाली. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे तारेतून ओढलेल्या एकूण विजेवर निघतं. पैशांच्या हिशेबात तोच आकडा ठळक दिसतो, म्हणून बारा महिने मी तोच उतरवला. ग्रिडचा गुणक मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे खऱ्या कामी आलेल्या युनिटांना लावायचा असतो. केडब्ल्यूएचचा आकडाही बिलावर छापलेला असतो, शोधावा लागतो एवढंच. पॉवर फॅक्टर (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) चांगला असेल तर फरक थोडाच पडतो. पण तपासणीस येतो तेव्हा तो फरकाकडे बघत नाही. हिला दोन्हींतलं वेगळेपण माहीत नाही, हे त्याच्या लक्षात येतं.

आणखी एक. ज्या वर्षाशी तुलना करणार ते आधार वर्ष सरळ निवडा. आमच्याकडे एकानं २०२०-२१ सुचवलं होतं. लॉकडाऊनमध्ये भट्ट्या थंड होत्या, त्या वर्षाच्या तुलनेत पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसलं असतं. उलटी हुशारीही काहीजण करतात: ऑर्डरींनी ओसंडलेलं वर्ष आधार धरायचं आणि मंदी आली की ‘घटवलं’ म्हणायचं. म्हणून एकूण टनांबरोबर एक टन चांगल्या कास्टिंगमागे (ओतीव मालामागे) किती, हा आकडाही ठेवा. आम्ही वर्षाला १,८०० टन माल देतो, तेव्हा टनामागे साधारण ९०० किलो.

आता त्या दोनशे झाडांकडे येऊ. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानानं वीस किलोच्या आसपास शोषतं असं धरतात. दोनशे झाडं, चार टन. तीही मोठी झाल्यावर. त्यातली किती जगली हे मी एका रविवारी मोजून आले, आणि तो आकडा इथं देत नाही. आमच्या विजेपुरतं बघायचं तरी अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी हजार झाडं लागतील. एवढी जागा एमआयडीसीत कुठली? झाडं लावा, सावलीसाठी लावा, धूळ अडवायला लावा. हिशेबात त्यांना त्यांच्या मापानंच धरा. त्या एसीनं एका उन्हाळ्यात दोनशे झाडांची जवळपास सगळी कमाई खाल्ली होती.

तिसऱ्या राशीत आम्ही पिग आयर्न आणि वाहतूक धरली. पिग आयर्न म्हणजे खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड. ते ब्लास्ट फर्नेस या कोळशावरच्या मोठ्या भट्टीतून येतं, टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन घेऊन. आम्ही वर्षाला २८५ टन वापरायचो, म्हणजे ५७० टन. विजेच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि आमच्या कुंपणात त्याचा धूरही दिसत नाही.

कपात: इथं वेळ घालवा

सल्लागार पहिल्या भेटीत सोलर म्हणतात. आमचे भट्टीवरचे मामा, तीस वर्षं रस (वितळलेलं लोखंड) ओतलेला माणूस, म्हणाले, “ताई, आधी झाकण बघा की.” भट्टीचं झाकण वाकडं झालं होतं म्हणून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. दीड महिना. उघड्या भट्टीच्या तोंडातून उष्णता सरळ छपराकडे जात होती आणि ती विकत घेतलेली होती.

मग मामांनी अजून दाखवलं. गंजलेलं, वाळू चिकटलेलं स्क्रॅप टाकलं की वीज त्या गंज-वाळूची मळी वितळवण्यात जाते. लॅबचा नमुना यायला वीस मिनिटं लागली तर रस वीस मिनिटं तापवत धरावा लागतो. मोल्ड तयार नसताना हीट (भट्टीचा एक घाणा) काढली तरी तेच. यातली एकही गोष्ट मला बिलात दिसली नसती. म्हणून हिशेब घेऊन शॉपवर जा, आणि भट्टीला वेगळा मीटर नसेल तर आधी तो बसवा. प्रत्येक हीटला युनिट आणि वजन लिहायला लावा. आमच्या वहीत सुरुवातीला एक टन रसाला ६८० युनिट पडत होती, वर्षभरात ६३० वर आली. वर्षाला २,६०० टन रस, म्हणजे १ लाख ३० हजार युनिट वाचली. कार्बन सुमारे ९५ टन, आणि युनिटला नऊ रुपये धरले तरी साडेअकरा लाखांच्या वर. दादांनी कार्बन हा शब्द मनापासून पहिल्यांदा उच्चारला तो त्या दिवशी.

रिजेक्शन हा दुसरा मोठा मासा. नापास झालेलं कास्टिंग परत भट्टीत जातं तेव्हा त्याच लोखंडासाठी वीज, वाळू, कोअर (साच्यातला आतला गाभा), मजुरी सगळं दुसऱ्यांदा लागतं. क्वालिटीवाल्यांचा महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट तुमच्या कार्बनच्या फाइलला जोडा. दोघांची भांडणं कमी होतात, निदान विषय तरी एकच राहतो.

कंप्रेसरच्या दाबाच्या हवेची गळती पकडायला यंत्र लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कुणीच हवा वापरत नसताना, लाइन चालू ठेवा आणि कंप्रेसर दहा मिनिटांत किती वेळ लोडवर जातो (म्हणजे हवा भरतो) ते घड्याळ लावून मोजा. वापर शून्य असताना तो जेवढा पळतो तेवढी तुमची गळती. मग साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासत फिरा. आमच्याकडे हे काम दोन अप्रेंटिस पोरांनी केलं. रंगपंचमीपेक्षा खूश होती.

पिग आयर्न कमी करून स्टील स्क्रॅप आणि कार्बन रेझर (लोखंडातला कार्बन वाढवणारी पूड) वाढवता येतो, पण धातूच्या ग्रेडचा निर्णय मेटलर्जीवाल्यांचा. त्यात अकाउंट्सनं लुडबुड करू नये.

सोलर आता. छपरावर १०० किलोवॅटला साधारण दहा हजार चौरस फूट लागतात, आणि आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो. म्हणजे १ लाख ४० हजार युनिट, शंभर टन. आमच्या वापराच्या सहा-साडेसहा टक्के. वाईट नाही, पण भट्टीच्या शिस्तीनं जेवढं दिलं जवळपास तेवढंच, आणि खर्च कितीतरी जास्त. शिवाय फाउंड्रीची धूळ पॅनेलवर बसते, धुण्याचं वेळापत्रक करारातच लिहून घ्या. मोठा वाटा हवा असेल तर ग्रुप कॅप्टिव्हचा रस्ता आहे: बाहेरच्या सोलर प्रकल्पात गिऱ्हाइकांनी मिळून किमान २६ टक्के मालकी घ्यायची आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. करारात एक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचा. त्या विजेची हरित प्रमाणपत्रं प्रकल्पवाला दुसऱ्याला विकणार असेल, तर वीज तुमच्या भट्टीत आली तरी तिचा हिरवेपणा त्या दुसऱ्याच्या खात्यात गेला. एकाच पावतीवर दोघांनी खर्च दाखवायचा प्रकार तो.

उरलेल्याची भरपाई

एवढं करूनही आमचं हजार टनांच्या वर उरतं. त्यासाठी कार्बन क्रेडिट विकत मिळतं: एक क्रेडिट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी टाळलेला किंवा शोषलेला एक टन. मला एका दलालाचा फोन आला, जुन्या पवनचक्क्यांची क्रेडिटं, भाव ऐकून वाटलं यात तर कॅलेंडरच्या खर्चात न्यूट्रल होऊ. मी एकच विचारलं: आम्ही पैसे दिले नाहीत तर त्या पवनचक्क्या थांबणार आहेत का? त्या वीज विकून चालतातच. म्हणजे आमच्या पैशानं हवेत काहीच बदललं नाही. हाच विचार करून आयसीव्हीसीएम या कार्बन क्रेडिटांचा दर्जा ठरवणाऱ्या जागतिक समितीनं ऑगस्ट २०२४ मध्ये नवीकरणीय विजेच्या क्रेडिटांच्या प्रचलित पद्धतींना आपला दर्जाचा शिक्का नाकारला.

घ्यायचंच तर वेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या क्रेडिटांच्या नोंदवहीत प्रकल्प स्वतः उघडून बघा. नुसतं नोंदवहीत असणं पुरेसं नाही. वेराच्या जंगल वाचवण्याच्या क्रेडिटांवर २०२३ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. प्रकल्प कुठल्या वर्षाचा, जंगल असेल तर आग लागली किंवा तोड झाली तर काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रेडिट आपल्या संस्थेच्या नावानं ‘रिटायर’ झालं का. रिटायर म्हणजे चेक वटला. तोवर तेच क्रेडिट उद्या तिसऱ्याला विकता येतं. अनुक्रमांकासह त्या पानाची प्रिंट फाइलला लावा.

आम्ही अजून क्रेडिट घेतलेलं नाही. दादांचं म्हणणं, तेवढ्या पैशात दुसऱ्या भट्टीला नवं झाकण येईल. मला पटतं. त्यामुळे आम्ही कार्बन न्यूट्रल नाही, आणि तसं म्हणतही नाही.

म्हणायचंच असेल तर आता जपून. जून २०२४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं एका मिठाई कंपनीच्या ‘क्लायमेट न्यूट्रल’ जाहिरातीवर निकाल दिला: कपात केली आहे की नुसती भरपाई, हे जाहिरातीतच स्पष्ट हवं. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा तर २७ सप्टेंबर २०२६ पासून नुसत्या भरपाईच्या जोरावर वस्तूला न्यूट्रल म्हणायलाच बंदी करतो. तुमचं पत्रक तिकडच्या गिऱ्हाइकाच्या हातात पडणार असेल तर ते वकिलाला दाखवा, डिझायनरला नंतर.

कॅलेंडरवर आता हिरवी ओळ नाही. मागच्या पानावर, बँकेच्या सुट्ट्यांच्या खाली, बारीक टायपात दोन आकडे असतात: टनामागे गेल्या वर्षी किती किलो, यंदा किती. ते कुणी वाचत नाही, ऑडिटर सोडून.

जाता जाता एक काम, जे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. डिझेल खरेदीच्या बिलावर मोजू नका. ३१ मार्चला संध्याकाळी जनरेटरच्या टाकीत काठी घाला, पातळी लिहा, वॉचमनची सही घ्या. ड्रममधलं वेगळं मोजा. सिलिंडर भरलेली किती, रिकामी किती, तेही. १ एप्रिलला सकाळी पहिली हीट निघायच्या आत भट्टीच्या मीटरचा फोटो काढा. फोटोत तारीख दिसली पाहिजे.